जानव्याने बांधलेला पंखा

गल्लीत पाऊल टाकण्याआधी काका उंबऱ्यावर थांबत, खांद्यावरच्या पंच्याचं टोक नाकावर धरत आणि म्हणत, "शी!" मग धोतर दोन बोटांनी घोट्याच्या वर उचलून असे चालत, की बघणाऱ्याला वाटावं फरशी तापली आहे.

ब्रह्मा घाटाच्या वरच्या त्या गल्ल्यांतून तुम्ही कधी चालला असाल तर त्यांना हसणार नाही. शेण, कुजलेले झेंडू, चहाच्या मातीच्या कुल्हडांचे तुकडे, भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत पानाच्या पिचकाऱ्या आणि या सगळ्यावरून संथपणे उतरणारं कुणाच्या तरी मोरीचं पाणी. आम्ही मराठी घरांतले असलो तरी तिथलेच. आमच्या नाकांनी केव्हाच हार मानली होती. काकांचं नाक मात्र साठी उलटली तरी हटून बसलेलं. त्यांच्या 'शी'चे प्रकार मला ओळखू येत. शेणासाठी आखूड. पिचकारीसाठी लांब, शेवटी हेल काढलेली. खोटं बोलणाऱ्या माणसासाठी अगदी हळू, नुसता श्वास सोडल्यासारखी. ती सगळ्यांत वाईट.

त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली होती. "मासळीच्या टोपल्या गळायच्या रे," ते सांगत. "त्या पाण्यात उभं राहून मी सह्या केल्यात. घरी येऊन पानावर बसलो की वरणभातालाही तोच वास."

मी त्यांच्या समोरच्या घरात राहायचो आणि मैदागिनजवळच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकवायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या भाच्याने काकांना कॉम्प्युटर आणून दिला, तेव्हा साहजिकच बोलावणं मला आलं. गल्लीला वाटलं, काका आता जन्मपत्रिका काढून देणार. काकांनी विमान उडवायला घेतलं. भाच्याने विमानाचा एक खेळ घातला होता आणि त्यासाठी महागाचं ग्राफिक्स कार्डही. ढग, डोंगर, समुद्र अगदी खरे वाटत. प्रत्यक्षात काका कधी विमानात बसले नव्हते. पहिल्यांदा ढगांच्या वर पोचले तेव्हा खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "बघ. इथे कुणी थुंकलेलं नाही."

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काकांनी त्यांची खाट कॉम्प्युटरच्या खोलीत आणली, कारण त्या एकाच खोलीला बाहेरची खिडकी होती. मॉनिटर वळवून खाटेच्या पायथ्याशी ठेवला आणि आपण स्टुलावर बसून विमान उडवू लागले. काही दिवसांनी काकूंचं डावं बोट उठलं. आधी आम्हाला कळलं नाही. मग काकांच्या लक्षात आलं, ही दिशा दाखवते आहे. बोट उठेल तिकडे विमान वळू लागलं. बोलता येत होतं तेव्हा काकूंना चौकापर्यंत जायचं तरी काकांना विचारावं लागे. आता काका विचारत, "आता कुठे?" आणि काकू सांगत.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीला कसा वास असतो हे मी वर्णन करून सांगत नाही. मी स्वतः दारातच थबकायचो. काका तिथे बोरिक पावडर, गरम पाणी आणि जुन्या धोतराचे धुवट तुकडे घेऊन बसत. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या पुसत. सगळं उघड्या हातांनी. वास दबावा म्हणून सकाळ-संध्याकाळ लोबान जाळत. त्या खोलीत त्यांच्या तोंडून एकदाही 'शी' निघाली नाही.

एकदा काकूंचा भाऊ भेटायला आला. दारातच त्याने रुमाल काढून नाकाला लावला. "भाऊजी, कसं राहता हो इथे? किळस येते."

काका उठले. "बाहेर व्हा."

"अहो, मी तिच्या काळजीनेच..."

"तिला ऐकू येतं. बाहेर व्हा आणि गल्लीत उभं राहून नाक धरा."

पाहुणा गेला. काकूंचे डोळे मिटलेले होते, पण पापण्यांखालून पाणी आलं होतं. काकांनी ते पंच्याने टिपलं आणि विमान पुन्हा वर नेलं.

मग एक दिवस कॉम्प्युटरमधून जात्यासारखी घरघर सुरू झाली. ढगांवर हिरवे-जांभळे पट्टे उमटले आणि चित्र जागच्या जागी थिजलं. मी बाजूचा पत्रा काढून बघितलं. ग्राफिक्स कार्डाच्या मधोमध एक चिप असते, तिच्यावर ॲल्युमिनियमची खाचाखाचांची चकती आणि तिच्यावर काडेपेटीएवढा पंखा. तो पंखा झिजून अडकला होता. पंखा थांबला की चिप तापते आणि चिप तापली की चित्र फाटतं. काकूंनी बोट उचललं, दोनदा, तीनदा. पडदा हलला नाही तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी दूध घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदाराचा गाल गुटख्याने फुगलेला. त्याने एका खोक्यात हात घालून पंखा काढला आणि प्लास्टिकच्या कोऱ्या पिशवीत टाकून पुढे केला. "एकदम नया माल है, बाबूजी."

काकांनी पिशवी उजेडात धरली. पंख्याच्या दांडीला केस गुंडाळलेले होते. लांब, तेलकट, करडे झालेले. पात्यांवर सुपारीचा भुगा.

"भैया, इसमें आदमी के बाल हैं."

दुकानदाराने पंखा परत घेतला, तोंडाने फुंकर मारली, लाल थुंकीचे शिंतोडे पात्यांवर उडाले, ते त्याने गळ्यातल्या गमछ्याने पुसले. "लीजिए, अब तो साफ है. नहीं तो कार्ड ही नया ले लीजिए, दिल्ली से मँगवा देंगे. महीना भर लगेगा."

काकांनी ती हळू 'शी' सोडली. पायऱ्या उतरताना ते म्हणाले, "थुंकी लावून विकतो आणि वर नवा म्हणतो. महिनाभर! तिने दोन दिवस तोंड उघडलेलं नाही."

मला तेव्हा आमच्या क्लासातल्या अडगळीची आठवण झाली. तिथे एक जुना बंद कॉम्प्युटर होता. त्याच्या प्रोसेसरवरचा पंखा साधारण त्याच मापाचा. मालकाला विचारून मी तो सोडवून आणला.

खरी घाण त्यापुढे होती. कार्ड बाहेर काढून उलटं केलं आणि मी हातातलं खाली ठेवून दारापर्यंत पळालो. पंख्याखालच्या खाचा काळ्या चिकट लगद्याने भरल्या होत्या. लोबानचा राळेसारखा धूर, पावडर, केस, धूळ, सगळं एकजीव झालेलं. त्यात झुरळांची अंडी. पात्यांमध्ये चेपलेलं पालीचं पिल्लू, अर्धं वाळलेलं, अर्धं अजून ओलं. वास असा, की आजही भरल्या पोटी आठवू नये.

"काका, चिमटा आणतो," मी दारातून म्हणालो.

"चिमट्याने निघायचं नाही ते. दे इकडे."

त्यांनी कार्ड मांडीवरच्या फडक्यावर घेतलं, जुना पंखा सोडवून टाकला आणि नखांनी एकेक खाच कोरायला लागले. पिल्लू कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं. मग धुवट कापड स्पिरिटमध्ये भिजवून सगळं पुसलं, जोर न लावता, काकूंची पाठ पुसायचे तसं. तोंडावर आठी नाही. उलट काकूच मान वळवून त्यांच्याकडे बघत होत्या.

नव्या पंख्याची भोकं जुन्या खिळ्यांशी जुळेनात. पंखा बांधायलाच लागणार होता. मी दोरा मागितला. गल्लीतून सुतळी आणतो म्हटलं, तर काकांनी मान हलवली. "शी. ती सुतळी कशाकशावरून लोळून आलेली असते." हात साबणाने कोपरापर्यंत धुऊन ते देवघरात गेले आणि जानव्यांच्या डब्यातून एक कोरं जानवं घेऊन आले.

"काका, अहो, हे?"

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आणि देवाला विचारलंय."

मी जानव्याने पंखा चकतीवर चौकडीत आवळून बांधला. त्याची तार डिस्कला वीज देणाऱ्या वायरीला जोडली. बत्ती होती, वीज गेलेली नव्हती, म्हणून लगेच मशीन सुरू केलं. पंखा फिरला, आवाज जेमतेम. ढग आले. पट्टे नाहीत, काही नाही.

काका स्टुलावर बसले. "आता कुठे?"

मग बोट उठलं, डावीकडे. डावीकडे डोंगर होता. मला दिसत होता, काकांनाही दिसत होता.

"अगं, डोंगर आहे तिथे."

बोट डावीकडेच. काकांनी विमान डावीकडे घातलं आणि ते सरळ डोंगरावर आदळलं. काकूंच्या तोंडाची हलणारी बाजू वर गेली, घशातून खरखर आवाज आला. त्या हसत होत्या. काकाही हसले, इतके की त्यांना ठसका लागला. त्या दुपारी काकूंनी वाटीभर दूध घेतलं.

थंडी सरता सरता काकू गेल्या. तोवर रोज विमान उडत होतं आणि कितीदा तरी आदळत होतं.

तेराव्यानंतर काका मुलीकडे नागपूरला गेले आणि तिकडेच वारले, असं पुढे कळलं. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो होतो. नातेवाइकांनी ती खोली फिनेलने घासून काढली होती. गादी जाळली होती. खाट उभी करून भिंतीला लावली होती, फरशी पांढरी पडेपर्यंत घासलेली. इतकी स्वच्छ खोली मी त्या गल्लीत दुसरी पाहिली नाही. काका जमिनीवर बसले होते. फिनेलचा उग्र दर्प जावा म्हणून मी खिडकी उघडायला गेलो.

"नको, राहू दे," ते म्हणाले. "सगळं धुऊन काढलं रे त्यांनी. कोपऱ्यात अजून थोडा तिचा वास आहे."

मी अर्धवट उघडलेलं खिडकीचं दार पुन्हा लोटलं, कडी घातली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो.