शनिवारमावशी काही मागत नसत

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही नातवाची, अर्धी कोरी राहिलेली. इतके दिवस मी तिच्यात फक्त वाणसामान लिहीत होते. कुणाच्या हाती पडलीच तर चुकलंमाकलं पदरात घ्यावं. पण मावशींबद्दल कुठंतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

शनिवारमावशी शनिवारी कुणाकडे काही मागत नसत. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्या दिव्याचं बटण दाबत नसत, गॅस पेटवत नसत, फोन उचलत नसत. आणि दुसऱ्याला ‘हे कर’ असंही सांगत नसत, कारण सांगणंही त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. खुर्चीत बसून खिडकीकडे बघत त्या म्हणायच्या, “अंधारून आलं, नाही गो?” मी उठून दिवा लावायचा. “आज हाडात थंडी शिरलीय.” मी हीटर वाढवायचा. वर त्या अगदी नवल वाटल्यासारखं करायच्या, “अगो, उजेड पडला की!” मला हसू यायचं. त्या मात्र हसत नसत.

आमची ओळख झाली ती कपडे धुवायच्या खोलीत. सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर सगळ्यांची मिळून ती एकच खोली. मला मुलाकडे येऊन आठ महिने झाले होते आणि घराबाहेर माझ्या तोंडून ‘हाय’ सोडून दुसरा शब्द निघाला नव्हता. एक दिवस पायरीवरच ऐकू आलं, “मेल्या, पैसे गिळलेस ना? मग फिर की आता!” आत एक काळीसावळी, पांढऱ्या केसांची बाई मशीनला थापट्या मारत होती. मी घाबरत विचारलं, “तुम्ही मराठी?”

“मग काय चिनी दिसते?” त्या म्हणाल्या.

त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, अलिबागकडच्या. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यावरूनच मी त्यांना मनात शनिवारमावशी म्हणायला लागले आणि पुढे तोंडावरही. सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर त्या इस्रायलला गेल्या. वाळवंटातल्या एका गावात सरकारनं दोन खोल्या दिल्या, तिथंच लग्न झालं, तिथंच गिरणीत नोकरी झाली. नवरा गेल्यावर लेक रिबेका त्यांना इकडे घेऊन आली. “तिकडं मला हिंदी म्हणायचे, इकडं इस्रायली म्हणतात,” त्या म्हणाल्या. “मराठी म्हणणारी तू पहिली. बस, या टोपलीतले वाल सोलायला मदत कर.”

त्या खोलीबाहेर एक बाक होता. कपडे वाळेपर्यंत आम्ही तिथं बसायचो. थोड्या दिवसांनी तिसरी एक जण आली, मावशींच्या समोरच्या दारातली. तिला सगळे खाला म्हणत. ती पॅलेस्टाइनची, हेब्रोनजवळच्या खेड्यातली. तरुणपणी तिनं इस्रायलमध्ये एका घरी बारा वर्षं धुणीभांडी केली होती, त्यामुळे तिला हिब्रू येई. बाजारात उभ्या राहून राहून मावशींना थोडं अरबी येई. दोघी एकमेकींशी असं धेडगुजरी बोलत आणि मावशी ते मला मराठीत सांगत. खालानं पहिल्यांदा गावाकडून आलेलं ऑलिव्हचं तेल आणलं, तेव्हा मावशींनी त्याचा एक थेंब तळहातावर घेतला, चोळला, हुंगला आणि डोळे मिटून घेतले. “घाण्याचंच आहे,” त्या म्हणाल्या. “मला कुणी फसवायचं नाही.” त्या दिवसापासून खालाचा वाल सोलायचा वाटा ठरलेला.

टीव्हीवर सारखं येई की तिथं दोन राज्यं करावीत. मी मावशींना विचारलं, हे काय असतं? त्या म्हणाल्या, “त्यांचं त्यांना, आमचं आम्हाला.”

“म्हणजे वाटणी,” मी म्हटलं.

“तेच ते. एका चुलीवर जमत नसेल तर दोन चुली मांडाव्या. होईल गो. माझ्या डोळ्यांदेखत होईल.”

वाटणीचं मला माहीत होतं. जुन्नरकडे आमच्या घरात झाली होती. एका दिवसात ओसरीवर विटांची भिंत चढली. जमीन अर्धी-अर्धी झाली, पण विहीर आमच्या वाट्याला आली. कागदावर दिराचीही पाण्याची पाळी होती. तरी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप आमचं आणि किल्ली माझ्या कमरेला. जाऊ दर दोन दिवसांनी कुंपणापाशी येऊन म्हणायची, “आक्का, किल्ली देता?” मी कधी नाही म्हटलं नाही. पण एकदाही स्वतःहून दिली नाही.

हे मी त्या बाकावर सांगितलं. एवढं सलग मी अमेरिकेत पहिल्यांदाच बोलले असेन. मावशींनी ते खालाला सांगितलं. खालाचा हात वालावर थांबला. तिच्या घराच्या आणि तिच्या झाडांच्या मध्ये रस्ता झाला होता, इस्रायलची नवी वसाहत झाली होती, आणि स्वतःची ऑलिव्ह तोडायला तिच्या भावांना परवाना मागावा लागे. तिनं मला काहीतरी विचारलं.

“विचारतेय, जाऊ काय म्हणायची किल्ली घेताना?” मावशी म्हणाल्या.

“काही नाही. खाली बघायची.”

खाला मावशींना एक वाक्य बोलली आणि मावशी एवढ्या मोठ्यानं हसल्या की टोपलीतले वाल सांडले. “म्हणते, ही गरीब दिसते, पण ही तर इस्रायल निघाली!”

मीही हसले. कान मात्र तापले होते. खालानं माझ्या मांडीवर थोपटलं आणि मग हळूच जे म्हणाली, ते मावशींनी जरा थांबून सांगितलं, “म्हणतेय, वाटणी वेळेत करायची असते. आता वाटायला राहिलंय काय?”

“राहिलंय, राहिलंय,” मावशी म्हणाल्या. “तू वाल सोल.”

अशी तीन वर्षं गेली. मग तो शनिवार आला. मुलानं सकाळीच टीव्हीवर बघितलं होतं की गाझातून माणसं घुसून इस्रायलमध्ये मोठी कत्तल झाली. रिबेका डोंगरात फिरायला गेलेली, तिथं फोन लागत नव्हता. मी मावशींकडे गेले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. टेबलावर त्यांचा फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मावशींनी चारदा तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आज फोन फारच वाजतोय, नाही गो?”

मला कळलं. दिवा लावण्याइतकं स्पष्ट कळलं. पण पलीकडून कुणी हिब्रूत, इंग्रजीत बोललं तर मी काय बोलू? आणि काय ऐकावं लागेल? मी म्हटलं, “थांबेल आपोआप.” आणि तो फोन मी उशीखाली ठेवला.

संध्याकाळी रिबेकानं येऊन सांगितलं. मावशींच्या धाकट्या बहिणीची नात मारली गेली होती. बहीण दिवसभर फोन लावत होती. मावशी मला त्यावरून कधीही एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी खाला भाताचं मोठं पातेलं घेऊन आली आणि मावशींच्या शेजारी जमिनीवर बसली. मला वाटलं, या दोघींचं काही बिघडणार नाही.

पण पुढे बाँब पडायला लागले. खालाची बहीण गाझात दिलेली. तिच्या घरची माणसं एकेक करून गेली. आधी जावई, मग दोन नातवंडं, मग खुद्द बहीण. आणि मावशींच्या तिकडंच राहिलेल्या मुलाचा मुलगा वर्दी घालून त्याच गाझात गेला होता. मी म्हणायची, “मावशी, समोर जाऊन या ना.”

“काय तोंड घेऊन जाऊ? तिनं विचारलं, तुझा नातू कुठं आहे, तर?” आणि लगेच चिडून म्हणायच्या, “आणि माझ्या बहिणीची नात? ती कुणी मारली? तिचं काय?”

एकदा धुण्याच्या खोलीत दोघी समोरासमोर आल्या. खाला काहीतरी बोलली. मावशींनी हिब्रूत एकच वाक्य उलट टाकलं. मला अर्थ कळला नाही, पण खालाचा चेहरा दिसला. ओले कपडे तसेच मशीनमध्ये सोडून ती निघून गेली. मी मावशींना विचारलं, काय म्हणालात? आजवरचं प्रत्येक बोलणं त्यांनी मला मराठीत सांगितलं होतं. तेवढं सांगितलं नाही.

त्यानंतर मावशी सकाळी कपडे धुवायच्या आणि खाला दुपारी. कुणी ठरवलं नव्हतं. खोली तीच, मशीन तीच, पण गाठ म्हणून पडायची नाही. “बघ,” मावशी मला म्हणाल्या, “झाल्या की नाही दोन चुली? आता भांडण नाही.” बाकावर आम्ही दोघीच होतो. वाल सोलून संपायचे नाहीत.

नातू सुखरूप परतला तेव्हा मावशींनी नवस फेडला. त्यांच्यात भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वर फळं, असा मलिदा करतात. पाच ताटल्या भरल्या आणि बिल्डिंगमध्ये वाटायला मला दिल्या. मी सवयीनं समोरच्या दाराकडे वळले. मागून त्या ओरडल्या, “तिथं नको! कशाचा मलिदा म्हणून सांगशील?” पाचवी ताटली मी घरी नेली.

दुसऱ्या वर्षी मावशींना पोटाचा कॅन्सर निघाला. शेवटी दवाखान्यानंही घरी पाठवलं. रिबेका दुकानात गेली की मी बसायची. त्यांचं हाताएवढं शरीर राहिलं होतं, पण शनिवार पाळायच्याच. अशाच एका शनिवारी दुपारी, डोळे मिटलेले असताना त्या म्हणाल्या, “समोरच्या घरात फार शांत आहे, नाही गो?”

मी उठले. फोन उशीखाली ठेवला होता तो दिवस मी विसरले नव्हते. अमेरिकेत मी कधी कुणाचं दार वाजवलेलं नाही, ते वाजवलं. खालानं उघडलं. आम्हा दोघींचं मिळून वीस-पंचवीस शब्दांचं इंग्रजी.

“मावशी सिक,” मी म्हटलं. “व्हेरी सिक. कम.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “शी आस्क? शी आस्क फॉर मी?”

मला खोटं बोलता आलं नाही. आणि खरं समजावून सांगण्याइतके शब्द नव्हते. “नो आस्क,” मी म्हटलं. “टुडे सॅटरडे.”

मग तिनं माझ्या गालाला हात लावला आणि दार हळूच लावून घेतलं.

मी परत आले तेव्हा मावशींचे डोळे उघडे होते. त्यांनी माझ्या मागे बघितलं. मी एकटीच होते. त्यांनी काही विचारलं नाही. शनिवार होता. सोमवारी दुपारी त्या गेल्या.

सात दिवस रिबेका त्यांच्या सुतकाच्या रिवाजानं जमिनीवर बसली. आरसे झाकलेले. तिसऱ्या दिवशी खाला आली, हातात तेच पातेलं, आणि उंबऱ्यापाशी थांबली. रिबेकानं उठून तिला आत घेतलं. मला वाटत होतं, मला चार शब्द येत असते तर या दोघी भेटल्या असत्या. रिबेकाला मराठी समजतं. मी तिला म्हटलं, “यांना सांग, शनिवारी तुझी आई तोंडानं मागत नसे. तिनं बोलावलंच होतं. मला सांगता आलं नाही. चूक माझी.”

रिबेकानं सांगितलं. खाला जमिनीकडे बघत उत्तर देत राहिली.

“कुसुममावशी,” रिबेका म्हणाली, “त्या म्हणतात, मला माहीत होतं. बारा वर्षं मी अशा घरात काम केलंय, असे कितीतरी शनिवारचे दिवे लावलेत. तुम्ही दारात दिसलात तेव्हाच मला कळलं होतं.”

“मग?”

रिबेकानं विचारलं. खालानं एवढंच सांगितलं.

“पाय उचलला नाही.”

तेव्हापासून मी टीव्हीवर दोन राज्यांचं बोलणं ऐकते तेव्हा मला वाटतं, यांना काय करायचं ते कळत नाही असं नाही. सगळ्यांना कळतं. मावशींना कळत होतं, खालाला कळत होतं. चुलीही मांडता येतात. मग कोण कुणाच्या दारात जाणार, ते मात्र मला सांगता येत नाही.

खाला येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावी जावेला फोन लावला. मी स्वतःहून लावलेला हा पहिलाच. म्हटलं, “कोनाड्यात पत्र्याच्या डब्यात मोटारीच्या पेटीची दुसरी किल्ली आहे. ती घेऊन जा. आता तुझ्याकडंच राहू दे.”

मला वाटलं फोन तुटला.

“आक्का,” ती म्हणाली, “विहीर आटून चार वर्षं झाली.”

मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.