माहितीपटातला भीमपलास

व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेचा वास आला की मला पवनीतलं गुरुजींचं घर आठवतं. व्हायोलिनमध्ये देशभर नाव कमावून ते म्हातारपणी गावी परतले होते, पण उजवा हात थरथरायला लागला होता. त्यांच्यावर माहितीपट करायला आलेल्यांना एक सलग राग हवा होता, आणि गज काही तारेवर ठरत नव्हता. शेवटी गुरुजी दुपारी झोपलेले असताना, वैनगंगेवरचा वारा आवाजात येऊ नये म्हणून खिडक्या लावून, त्यांच्याच व्हायोलिनवर मी, त्यांच्या शिष्याने, भीमपलास वाजवला आणि तो गुरुजींच्या वाजवतानाच्या चित्रीकरणाला जोडला गेला. त्यांना आम्ही कोणीच सांगितलं नाही. पुढे शाळेच्या हॉलमध्ये माहितीपट दाखवला, तेव्हा अंधारात गुरुजींनी माझं मनगट धरलं. "काहून रे, हे मी वाजवलो?" मी म्हणालो, "तुमीच वाजवले, गुरुजी. इसरले तुमी." "मंग हात चालून राहिला म्हन की मायावाला!" आणि त्यांनी मांडीवर ताल धरला. दिवे लागल्यावर लोकांनी वाजवायचा आग्रह केला, तर एरवी नाही म्हणणाऱ्या गुरुजींनी स्वतःहून व्हायोलिन मागवलं. गज थरथरला, तार किंचाळली, मागे कोणीतरी हसलं. व्हायोलिन माझ्या हातात देत ते हळूच म्हणाले, "तुले खाली पाहाले लावलो रे. माफ कर." मी व्हायोलिन पेटीत ठेवून झाकण लावलं. गुरुजी वारले ते स्वतःच्या हाताला दोष देत, आणि तुमच्या गुरुजींच्या त्या भीमपलासाला तोड नाही असं आजही कोणी म्हणालं, की मी 'हो' म्हणतो.