पिवळ्या चिंधीचं कुलूप

"तोडा ते कुलूप! माणिकराव, बाजूला व्हा!" चीफ इंजिनिअरसाहेब ओरडत होते आणि गाड्यांचे नंबर पुकारायचा माईक चालूच राहिलेला. त्यामुळं त्यांचा आवाज साखर कारखान्याच्या आवारात, उसाच्या ट्रॅक्टरांवर आणि माझ्या अंदाजानं थेट भूमच्या बाजारापर्यंत गेला असावा. मी मात्र तो गव्हाणीत उताणा पडून ऐकत होतो. गव्हाण म्हणजे उसाच्या मोळ्या सुऱ्यांकडं ओढत नेणारा लांबलचक साखळीपट्टा. त्याच्या दोन लोखंडी पट्ट्यांत माझा बूट अडकलेला, आणि ज्या कुलपाचं बोलणं चाललं होतं ते माझंच होतं.

माणिकअण्णा गेले त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्या लेकाचा फोन आला तेव्हा मी येडशीच्या टपरीवर नेमकी हीच गोष्ट रंगवून सांगत होतो. "काका, अण्णा सकाळी गेले," तो म्हणाला. टपरीवरची माणसं पुढं काय झालं म्हणून माझ्या तोंडाकडं बघत राहिली... आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा मला पुढचं सांगता येईना.

अण्णा आमच्या कारखान्यात वायरमन. राहायला भूमजवळच्या वाशीला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. ती कशी गेली यावर मी एकट्यानं अकरा गोष्टी पसरवल्या. एकीत रामलिंगच्या जंगलातला बिबट्या होता आणि अण्णांची बोटं पचली नाहीत म्हणून तोच पुढं दुखण्यानं मेला. खरी गोष्ट अण्णांनी एकदाच, एका वाक्यात सांगितली होती. आधीच्या कारखान्यात ते मोटरीत हात घालून बसले होते, आणि कुणीतरी 'आत कुणी नसंल' म्हणून बटण दाबलं. तेव्हापासनं त्यांचा कायदा ठरला : मशीनमध्ये उतरणाऱ्यानं मेन स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधायची. तिघं उतरले तर तीन कुलपं. ज्याचं त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कुलपं त्यांनीच भूमच्या बाजारातून पारखून आणली, ओळखायला प्रत्येकाला वेगळी चिंधी बांधली. माझी पिवळी. आम्ही लई हसलो. अण्णा रात्री घरच्या पंख्याला कुलूप लावून झोपतात, असं मी दोन तालुक्यांत पसरवून टाकलं.

गव्हाणीत अडकलो त्याच्या महिनाभर आधी मी एक पराक्रम केला होता. काम संपलं, भोंगा झाला, आणि मी कुलूप तसंच ठेवून, किल्ली कमरेला घेऊन, येडशीला घरी! गव्हाण बंद, ट्रॅक्टरांची रांग पार सोलापूरला टेकलेली. साहेब म्हणाले तोडा. अण्णा म्हणाले घेऊन येतो, आणि एसटीनं माझ्या दारात हजर. मी ताटावर. "भागवतराव, किल्ली," एवढंच बोलले. साहेबांची बोलणी मात्र त्यांनी एकट्यानं खाल्ली.

म्हणून मी अडकलो त्या दिवशी, मी आत असेन अशी कुणाला शंकाच आली नाही. आम्ही तिघं वाकलेली पट्टी सरळ करून वर आलो. दोघांनी आपापली कुलपं काढली. मी काढणार, तेवढ्यात ध्यानात आलं की चुन्याची डबी खालीच राहिली. कुणाला न सांगता परत उतरलो आणि बूट अडकला. भोंगा झाला, पाळी बदलली. माझी हाक चार गावं ऐकतात असं मीच सांगत आलेलो, पण शेजारच्या वाफेच्या फुसकाऱ्यात माझी बोंब माझ्या मला ऐकू येईना. माईकचा कर्णा तेवढा बरोबर डोक्यावर.

"अहो, गेला असेल तो येडशीला! मागच्या महिन्यात गेलाच होता की," कर्ण्यातून साहेब.

यावर अण्णा काहीतरी बोलले असणार. ऐकू आलं नाही. ते कधी मोठ्यानं बोललेच नाहीत.

"मग उद्यापासून घरीच बसा, माणिकराव. द्या तो घण इकडं."

आणि माईक बंद झाला.

मी पुष्कळ गोष्टी वाढवून सांगतो, ही नाही. मला देव आठवला नाही, बायको आठवली नाही. साखळी हलते का, तेवढंच बघत होतो... आणि साखळीला हिसका बसला. मी डोळे मिटले.

हिसका अण्णांच्या पायाचा होता. माझ्या कुलपाशेजारी स्वतःचं कुलूप घालून ते खाली उतरले होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात घण. वर ठेवायला नको म्हणून तोही बरोबर आणलेला. बॅटरी माझ्या तोंडावर मारली, मग बुटावर, मग मुठीतल्या डबीवर. "चला," म्हणाले. अण्णांना घरी कुणी बसवलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःसाठी एक कुलूप आणलं, लाल चिंधीचं.

त्यानंतर मी दोन लेकींची लग्नं केली, नातवंडं खांद्यावर घेतली, तुम्हाला छळायला इतकी वर्षं उरलो. पिवळ्या चिंधीचं ते कुलूप आमच्या दाराजवळच्या खिळ्याला आहे. बाहेर पडताना अजूनही ते एकदा ओढून बघतो.

शेवटचा भेटलो तेव्हा अण्णा बाजेवर पडून होते. त्यांना माणसाचा वास येतो, भिंतीपलीकडचं दिसतं, असं मी त्यांच्या नातवाला रंगवून सांगत होतो. मग इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, "अण्णा, खरं सांगा, मी आत हाय हे तुमाला कळलं कसं?"

"कुठं कळलं व्हतं? मला बी वाटलं, येडशीलाच गेला असंल. कुलूप लागलेलं व्हतं."