रेणूचा 'पा'

मैत्रिणींनो, आज रेणूला, माझ्या मुलीला, सक्करदऱ्याहून ऑटोने दवाखान्यात नेलं होतं. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, बोलणं स्पष्ट येत नाही. अशा लोकांची देखभाल सुधारावी म्हणून तिथे संशोधनासाठी निधी आलाय.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, हा पैसा आधी कशाला लावावा?"

मी म्हटलं, "हिचं बोलणं कोणाले तरी शिकवा, बाई. मी एकटीच किती दिवस दुभाषी राहू?"

त्या हसल्या. तेवढ्यात रेणू म्हणाली, "पा."

"पाणी पाहिजे ना वं तुले?" म्हणत नर्सने प्रेमाने ग्लास पुढे केला. रेणूने तोंड फिरवलं.

ती पप्पा कुठे आहेत, विचारत होती. हे गेले तेव्हापासून रोज विचारते.

पाण्याचा 'पा' लांब असतो. घरात हे आम्हा दोघांनाच कळायचं. आता मला एकटीला कळतं. माझ्यानंतर कोणाला कळेल?