न दिलेला होकार

आमच्या गावात तार आली की ती आधी माझ्याकडे येते. तार इंग्रजीत असते आणि इंग्रजी शिकवणारा मीच. त्यामुळे लोकांच्या बदल्या, आजारपणं आणि मरणं त्यांच्याआधी मला कळतात. पासष्टचा सप्टेंबर सरता सरता पोस्टमन वर्गाच्या दाराशी आला तो टोपी काढून. तार सैन्यात गेलेल्या जयवंतच्या आईच्या, म्हणजे काकींच्या, नावाची होती. मी ती दोनदा वाचली. व्याकरणात चूक सापडली नाही...

तारकर्लीच्या वाटेवर त्यांचं घर. पावसाने उघडीप दिली होती आणि काकी अंगणात बांगडे सुकत घालत होत्या. माझ्या हातातला कागद पाहून त्यांनी आधी कावळे येऊ नयेत म्हणून माशांवर जाळं ओढलं, हात धुतले, पायरीवर बसल्या. "आता वाचा, मास्तरांनू." मी सांगितलं. लढाई थांबायच्या थोडं आधी जयवंत गेला होता. जाळ्याचं सुटलेलं टोक त्यांनी दगडाखाली सारलं. मग म्हणाल्या, "तुमी त्या दिवशी होय म्हणूक नाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जयवंत आमच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचा. वय चोवीस, अंगावर एकच चांगला सदरा, आणि पोरांना नद्या पाठ होत नाहीत याचं मनापासून दुःख. त्यावर त्याने उपाय काढला तो थेट देवळातून. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस मागणं मागत जातो आणि दर वाक्याला जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. जयवंतने गाऱ्हाण्यात नद्या घातल्या. "बा देवा म्हाराजा, ही कर्ली नदी सह्याद्रीत जलामता आणि देवबागेक दर्याक मिळता रे म्हाराजा!" आणि चाळीस पोरं छप्पर उडेल अशा आवाजात, "होय म्हाराजा!" शेजारच्या वर्गात माझी क्रियापदं बंद पडायची. हेडमास्तरांनी त्याला बोलावून विचारलं, "ही शाळा आहे की देऊळ?" हा म्हणाला, "सर, देवळात निदान सगळे उत्तर देतात." त्या वर्षी भूगोलात कुणी नापास झालं नाही, हेडमास्तरांनी श्रेय नव्या नकाशांना दिलं.

चीनची लढाई झाली, सैन्याला अधिकारी हवे होते, जाहिराती आल्या. जयवंतने अर्ज केला. मी त्याला देशप्रेमावर थोडं टोचलंही. तो म्हणाला, "देशप्रेम काय ता माका ठाऊक नाय, सर. हिमालय शिकवतंय नि बघूक नाय. लाज वाटता." याहून प्रामाणिक कारण मी अजून ऐकलेलं नाही.

तो निघाला त्या सकाळी काकींनी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायला लावलं. वाडीतली माणसं जमली होती, मीही होतो. गाऱ्हाणं घालणारे गावकर म्हणाले, "ह्या तुझा लेकरू दूर मुलखाक चल्ला हा, तेका सुखरूप घराक आण रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" मी तोंड मिटून उभा राहिलो. मी देव मानत नाही, आणि त्या वयात माणसाला आपल्या न मानण्याचा फार अभिमान असतो. बस दिसल्यावर जयवंतने ट्रंक उचलली. मग हळूच म्हणाला, "सर, ता देवाक नाय ओ... आयेक ऐकूक व्हया होता." मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, हे एक बरं.

पुढच्या महिन्यात शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. व्यासपीठावर खुर्च्या अकरा, त्यातली एक काकींची. प्रमुख पाहुण्यांनी जयवंतला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते त्याच्याविषयी न अडखळता बोलू शकले. शेवटी हात उंचावून गरजले, "असा वीर मरत नाही, तो अमर होतो!" आणि टाळ्यांसाठी थांबले. हे थांबणं पोरांच्या ओळखीचं होतं. मागच्या रांगांतून एका सुरात आलं, "होय म्हाराजा!"

पाहुणे दचकले. हेडमास्तर लाल झाले. काकींनी मात्र सभेत पहिल्यांदाच मान वर केली आणि पदर तोंडाशी धरला. हसू आवरायला की रडू, मला दिसलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. जाळं दाराशी घडी करून ठेवलेलं होतं. आत त्या तुळईला टांगलेल्या जयवंतच्या सदऱ्याकडे पाठ करून देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी आलेलो त्यांना कळलं नसावं. "बा देवा म्हाराजा," त्या म्हणत होत्या, "माझो झील थंय थंडीत पडलो. आता तरी तेका उबेत ठेव रे म्हाराजा..."

आणि थांबल्या. गाऱ्हाणं घालणाऱ्याला थांबावंच लागतं. उत्तर आल्याशिवाय पुढचं वाक्य घेता येत नाही. मी उंबऱ्यात चपला काढल्या.

"होय म्हाराजा," मी म्हणालो.

काकींनी मागे वळून पाहिलं नाही. पुढचं वाक्य घेतलं.