इटलीहून आलेला प्रसाद

विलायती खाऊ पहिल्यांदा कधी खाल्लास, असं नातवंडं विचारतात. त्यांना वाटतं, आजी काहीतरी गमतीचं सांगेल. मी अकरा वर्षांची होते, लढाई नुकतीच संपली होती, आणि त्या दिवशी आमच्या घरात खून होता होता राहिला.

आमचं घर लोहाराचं, कोरेगावच्या बाजूच्या एका गावात. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. मी पाच वर्षांची होईपर्यंत आबा रोज दारू पिऊन यायचे आणि घण मारायचा हात आईवर चालवायचे. एकदा त्यांनी भट्टीजवळची सांडशी उचलली आणि आईचा डावा हात कोपराखाली मोडला. हाड जुळलं ते वाकडंच. कुणी शेजाऱ्यानं जाब विचारलाच, तर आबा म्हणायचे, "तिची जीभ लय चालती." माझ्या आईइतकी कमी बोलणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. पण त्या वाकड्या हाताची लाज वाटली असेल, आबांनी तुळशीची माळ घातली आणि दारू सोडली. त्यानंतर सहा वर्षं त्यांनी आईला बोटही लावलं नव्हतं. आईचा देवावर किती भरवसा होता मला ठाऊक नाही, माळेवर मात्र होता. आबा आंघोळ करून आले की ती आधी त्यांच्या गळ्याकडे बघायची.

त्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ, आमचा दादा, पलटणीतून रजेवर आला. भर दुपारी त्यानं ओसरीवर ट्रंक उघडली. दुधाचे सीलबंद डबे, पुदिन्याच्या पांढऱ्या चकत्या, कॉफीची पूड, लिंबाच्या सरबताची बाटली, आणि तळाशी सुतळीनं आवळलेली एक रंगीत पत्र्याची डबी. आबांनी सगळं सोडून बाटलीच उचलली. बूच काढून तीनदा हुंगली.

"आवं आबा, लिंबू हाय त्ये," दादा हसत म्हणाला.

"आसंल. पर आदी द्येवाला," आबा म्हणाले.

आमच्याकडे तशीच रीत होती. घरात नवं काही आलं, मग ती वेलीवरची पहिली काकडी असो, की आधी ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत देवापुढे ठेवायचं, वर तुळशीचं पान ठेवायचं, आणि मग घरातल्यांनी खायचं. देवापुढून आलेलं टाकायचं नाही, थुंकायचं तर मुळीच नाही. त्याप्रमाणे एकेक जिन्नस देवाला दाखवून आम्ही चाखू लागलो. दूध गोड लागलं. चकती खाल्ल्यावर तोंडात वारा शिरल्यासारखं झालं. कॉफीची पूड मी हावरटासारखी मूठभर तोंडात टाकली आणि कडू जहर लागली म्हणून थुंकायला ओसरीच्या कडेला धावले. आबांनी अशी थोबाडीत दिली की पूड घशाखाली गेली आणि कानात शिट्टी वाजली.

"परसाद थुकतीस?"

सगळ्यात शेवटी ती डबी. इटलीत एका म्हातारीच्या पडक्या घरावर दादानं कौलं चढवून दिली होती, तिनं दिलेली. त्यानं त्यातली एकही गोळी खाल्ली नव्हती, आईच्या हातात द्यायची म्हणून समुद्रापलीकडून जपून आणली होती. आत सात गोळ्या होत्या. सुपारीएवढ्या, साखरेच्या, गुलाबी आणि हिरव्या, जसा काही संक्रांतीचा मोठा हलवा. आबांनी ताटलीत मांडल्या, पान ठेवलं, हात जोडले. मग घरातले वडील म्हणून पहिली गोळी त्यांनीच तोंडात घातली आणि चावली.

साखरेचं कवच फुटलं. आत दारू होती.

तो वास माझ्यापर्यंत आला आणि मी आईच्या मागे सरकले. आबा गाल फुगवून देवाकडे बघत उभे. थुंकावं तर प्रसाद, गिळावं तर माळ. देवानं त्या वेळी माणसाला अशा कात्रीत धरायला नको होतं, असं मला आजही वाटतं, आणि मी त्याला ते तोंडावर सांगेन. शेवटी आबांनी गिळलं.

"बाटिवलंस मला," ते म्हणाले आणि दादाच्या तोंडावर मूठ मारली.

"आबा, द्येवाशपत मला ठावं न्हवतं!"

त्याला खरंच माहीत नव्हतं. गोळीच्या पोटात दारू भरतात हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं असतं? पण आबा ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी त्याचे केस धरून डोकं खांबावर आपटलं, एकदा, दोनदा. दादा मांडीला हात चिकटवून ताठ उभा राहिला. ओठ फुटला तरी हात वर केला नाही. मग आबांनी कोपऱ्यातला हातोडा उचलला.

पुढचं फार पटकन झालं. आबा जमिनीवर उताणे, दादाचा गुडघा त्यांच्या छातीवर आणि दोन्ही अंगठे नरड्यावर. माळ तुटली, मणी ओसरीभर उडाले. दादा ओरडत नव्हता की रागावलेला दिसत नव्हता. शिकवलेलं काम करावं तसं तो ते करत होता. आबांच्या टाचा शेणानं सारवलेली जमीन उकरू लागल्या. मी दादाच्या दंडाला कडकडून चावले, त्याला कळलंही नाही.

आईनं उजव्या हातात दुधाचा न फोडलेला डबा घेतला आणि त्याच्या कानामागे हाणला. मग पुन्हा हाणला. तो कुशीवर पडला. रक्त खाकी कॉलरमधून खाली आलं.

"आई, मला मारलंस?" तो लहान पोरासारखा म्हणाला.

"तुजा बा मेला आस्ता. आन् तू फासावर गेला आस्तास."

आबा भिंतीला टेकून खोकत होते. गळा लाल झाला होता आणि रिकामा होता. खोकला थांबला तशी त्यांची नजर हळूहळू देवळीकडे वळली, ताटलीतल्या सहा गोळ्यांवर. ती तिथंच थांबली. त्यांनी जिभेनं ओठ चाटले. ते मी पाहिलं, आणि आईनंही पाहिलं. भीती काय असते ते मला त्या क्षणी कळलं, खांबावर डोकं आपटत होतं तेव्हा नाही.

प्रसाद उकिरड्यावर फेकता येत नव्हता, कोंबड्यांनाही घालता येत नव्हता. आईनं ताटली उचलली, आबांच्या समोर मांडी घालून बसली आणि एक गोळी तोंडात टाकली. मग दुसरी. तिनं आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं, हनुवटीवर ओघळ आला होता, तरी ती एकेक गोळी कडाकडा फोडत राहिली. आबा बघत होते. सहावी संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"गुळचाट हाय," ती म्हणाली. "आन् घसा जळतुया. ह्येच्यापायी मारत व्हता व्हय तुमी मला?"

आबांनी मान खाली घातली.

"व्हय," ते म्हणाले.