खडखडणारी भिंत

यूनुस परकार दुबईतल्या निम्म्या इलेक्ट्रिशियनांना इलेक्ट्रिशियन म्हणायलाच तयार नव्हता. त्याच्या लेखी ते सगळे सिलिकॉनवाले. भोक चुकलं, लाव सिलिकॉन. दिवा तिरका बसला, लाव सिलिकॉन. ह्यांच्या घरी भाकरी फाटली तर तीही हे सिलिकॉननं चिकटवतील, असं तो म्हणायचा. रत्नागिरी सोडून सव्वीस वर्षं इथल्या उन्हात घासल्यावर आपल्याला एवढं बोलायचा हक्क आहे, असंही म्हणायचा.

पण खास ठेवणीतला तिरस्कार जावयासाठी होता. अक्रम, त्याच्या मुलीचा, नौशीनचा नवरा. यूनुसच्याच शब्दावर कंपनीत चिकटलेला. गोडबोल्या, आणि सेफ्टी शूजला रोज पॉलिश करणारा. शूजला पॉलिश करणाऱ्या माणसाकडून काय काम होणार, कपाळ? "स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो, ते तरी ठाऊक आहे का रे तुला?" असं यूनुस चारचौघांत विचारायचा आणि अक्रम हसून "जी मामू" म्हणायचा. दोन वर्षांत यूनुसनं त्याला कामातलं एक अक्षर शिकवलं नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

ऑगस्टात सिलिकॉन ओएसिस नावाच्या वस्तीतल्या एका नर्सरी शाळेची भिंत फुगली. ती नर्सरी म्हणजे निव्वळ सोंग. वाळवंटात अमेरिकेतलं लाकडी घर दिसावं म्हणून भिंतीला बाहेरून विनाइलच्या लांब पट्ट्या चढवलेल्या, एकीत एक अडकवून. त्यांवरचे बारा दिवे जानेवारीत यूनुसनंच बसवले होते. आता दर दिव्यापाशी पट्ट्या पापडासारख्या वाकल्या होत्या आणि एक दिवा, मुलं खेळतात तिथेच, वायरीवर लोंबत होता.

"यूनुसभाई, आपका काम ऐसा नहीं होता," मॅनेजर विघ्नेश म्हणाला. "किसने हाथ लगाया, देख के बताओ. उसका वीज़ा कॅन्सल. खलास."

यूनुस खुशीतच निघाला. शिडी धरायला अक्रमला घेतलं, कारण तेवढंच त्याला जमतं.

विनाइल उन्हात वाढतं, गारव्यात आकसतं. म्हणून दिव्यामागचा ठोकळा भिंतीला पक्का बसवायचा आणि पट्टी मात्र त्याच्याभोवती मोकळी ठेवायची. वारा आला की ती जराशी खडखडते. खडखडली तरच काम बरोबर. इथे कुणीतरी ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी पट्टीतून आरपार स्क्रू मारून ती भिंतीला आवळून टाकली होती.

"कुणी गाढवानं केलंय बघ," यूनुस वरून म्हणाला. "वीतभर अक्कल असती तर हात लावला नसता. ह्याला विमानात बसवायचं कशाला, उंटावरच पाठवा." तिसऱ्या दिव्यापर्यंत त्याला चांगलाच रंग चढला होता. खालून मात्र "जी मामू" येईना.

"मामू," अक्रम म्हणाला, "ते मी केलंय."

यूनुसनं शिडीवरून खाली पाहिलं.

"मार्चमध्ये एसीच्या कामाला आलो होतो. वाऱ्यानं सगळ्या पट्ट्या वाजत होत्या. मला वाटलं, तुमच्या हातानं आता नीट आवळलं जात नाही. हात थरथरतो ना तुमचा. म्हटलं, कुणाच्या नजरेला पडायच्या आत पक्कं करून टाकू. नौशीनलासुद्धा बोललो नाही."

शिव्या तोंडाशी तयार होत्या, त्या तशाच राहिल्या. वर्षभर यूनुस चहाचा कप डाव्या हातानं धरत होता, उजवा खिशात घालून. कुणालाच कळलेलं नाही, अशी त्याची समजूत होती. आणि ह्या शूज-पॉलिशवाल्यानं ते पाहून, झाकून, वर गप्पही बसावं? यूनुसला लाज वाटली. एक वाक्य शिकवलं असतं तर ही भिंत फुगली नसती. अक्रमचा व्हिसा गेला की नौशीनचा गेला, केजीतल्या नातवाचा गेला, अल नहदातलं त्यांचं घर गेलं. हे सगळं त्या एका वाक्यावर अडलं होतं.

गेटाशी गाडी थांबली. विघ्नेश काच अर्धी खाली करून म्हणाला, "मिला कौन था?"

"मैंने ही मारे स्क्रू," यूनुस म्हणाला. "जनवरी में."

विघ्नेशनं त्याच्या हाताकडे पाहिलं. यूनुसनं तो खिशात घातला नाही.

"चाचा, उमर हो गई आपकी," विघ्नेश म्हणाला. सकाळपर्यंत यूनुसभाई होता. "स्क्रू कैसे मारते हैं, वो भी भूल गए? कल ऑफिस आ जाओ, कॅन्सल के पेपर कर देते हैं." काच वर गेली.

आपण इतकी वर्षं कुठल्या आवाजात बोलत होतो, ते यूनुसनं आज पहिल्यांदा ऐकलं.

अक्रम गाडीमागे धावणार, तोच यूनुसनं त्याची कॉलर धरली. "गप. एकदा तरी माझं ऐक आणि शिडी चढ."

अक्रम चढला. यूनुसनं दोन्ही हातांनी शिडी धरली.

"दोन्ही स्क्रू काढ. आता पट्टी हलवून बघ. वाजते?"

"वाजते, मामू."

"मग वाजू दे."